केमो घेऊन घरी आलाय? आधी सीबीसी वाचायला आणि ताप मोजायला शिका

आमच्या दादाला एएलएल म्हणजे ब्लड कॅन्सरचा एक प्रकार झाला तेव्हा घरात कोणाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. हॉस्पिटलात असेपर्यंत टेन्शन वेगळं असतं, तिथे सिस्टर असतात, डॉक्टर राउंडला येतात, खरी गंमत डिस्चार्ज मिळाल्यावर सुरू होते. आपण गाडीत बसतो, सुटलो बुवा म्हणतो, आणि धोक्याचे दिवस नेमके तेव्हाच चालू होत असतात. पहिल्यांदा घरी आलो आणि चौथ्या दिवशी रात्री दादाला थंडी वाजली, ताप १००.८. गावातल्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले व्हायरलची साथ आहे, क्रोसिन द्या, सकाळी बघू. दिली. ताप उतरला, आम्ही झोपलो. पहाटे वहिनीने उठवलं, दादा नीट बोलत नव्हता, हातपाय गार, बीपी लागेना. पुढचे नऊ दिवस आयसीयू. त्या डॉक्टरांना दोष देऊन काय करू, केमोचा पेशंट त्यांनी वर्षात एखादा बघितला असेल, चूक आमचीच की आम्हाला कोणीतरी सांगितलेलं असून आम्ही ते लक्षात ठेवलं नव्हतं.

म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, दोन वर्षं फाइल घेऊन फिरलेला भाऊ आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

सीबीसी कशी वाचायची

सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट. रिपोर्टवर वीस-पंचवीस ओळी असतात, तुम्हाला तीनच बघायच्यात. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि एएनसी. पहिल्या दोन सगळ्यांना कळतात. तिसरी बऱ्याच लॅब छापतच नाहीत आणि जीव त्याच आकड्यावर असतो. एएनसी म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, त्या एका मायक्रोलिटर रक्तात एकूण किती आहेत तो आकडा.

हिशोब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे. टोटल डब्ल्यूबीसी म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी घ्या, त्याला न्यूट्रोफिलच्या टक्क्याने गुणा, शंभराने भागा. डब्ल्यूबीसी १६०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे एएनसी ३२०. रिपोर्टमध्ये बँड सेल म्हणजे कोवळे न्यूट्रोफिल वेगळ्या दिल्या असतील तर त्यांचे टक्केही न्यूट्रोफिलमध्ये मिळवायचे.

आता एएनसी १५०० च्या खाली गेला की कमी, ५०० च्या खाली गेला की खूप कमी, आणि १०० च्या खाली म्हणजे शरीराचा वॉचमन रजेवर.

इथे एक फसगत होते आणि आमची झालीच. रिपोर्टवर न्यूट्रोफिल ६८ टक्के लिहिलेलं, बाजूला नॉर्मल रेंज ४० ते ८०, लाल खूण पण नाही. आम्ही खूश. पण टोटल होते ७००. सातशेचे ६८ टक्के म्हणजे ४७६! टक्का नॉर्मल असून पेशंट डेंजर झोनमध्ये. एकटा टक्का बघून कधीच खूश व्हायचं नाही आणि घाबरायचंही नाही.

दुसरी फसगत युनिटची. एक लॅब १६०० लिहिते, दुसरी १.६ लिहून पुढे हजाराचा घात टाकते. प्लेटलेट कुठे ४५००० लिहितात, कुठे ०.४५ लाख, कुठे नुसतं ४५. काकांनी एकदा ४५ वाचून सगळ्या ग्रुपवर टाकलं की प्लेटलेट पंचेचाळीसच उरल्यात, आत्याने तिकडे रडायला सुरुवात केली. शक्यतो एकाच लॅबमध्ये टेस्ट करा आणि शंभर पानी वहीत तारीख, एचबी, डब्ल्यूबीसी, एएनसी, प्लेटलेट असे रकाने आखून स्वतःच्या हाताने लिहा. फोनमध्ये फोटो असतातच पण ओपीडीत डॉक्टर विचारतात मागच्या सायकलला काउंट किती पडलेले, तेव्हा गॅलरी चाळत बसलात की पाच मिनिटांतली तीन गेली.

आणि प्लेटलेट अचानक विचित्र कमी दिसल्या, अंगावर काही डाग नाहीत, तर लॅबवाल्याला विचारा की स्मिअर, म्हणजे काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली, बघितला का. कधी कधी ट्यूबमध्येच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन कमी मोजतं.

काउंट कधी पडतात

केमो दिल्या दिल्या नाही पडत, म्हणून तर लोक फसतात. केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, त्यात कॅन्सरच्या पेशी येतात, केसांची मुळं, तोंडातलं अस्तर आणि बोन मॅरो पण येतो. मॅरो म्हणजे कारखाना. कारखाना बंद पडला तरी दुकानातला माल काही दिवस पुरतो. न्यूट्रोफिलचं रक्तातलं आयुष्य जेमतेम काही तास ते एखादा दिवस, त्यांचा माल आधी संपतो. प्लेटलेट आठ-दहा दिवस जगतात. लाल पेशी १२० दिवस, म्हणून हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं. बऱ्याच केमोमध्ये सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट तळाला जातात, ल्युकेमियाच्या पहिल्या ट्रीटमेंटमध्ये तर आठवडेच्या आठवडे खालीच असतात. डिस्चार्जच्या वेळी रेसिडेंट डॉक्टरांना सरळ विचारा, आमचे तळाचे दिवस कुठले, आणि कॅलेंडरवर त्या तारखांना लाल गोल करा. आमच्या कालनिर्णयवर एकादशीपेक्षा लाल गोल जास्त होते.

त्या गोलात लग्न, बारसं, सत्यनारायण, मॉल, एसटी स्टँड काही नाही. घरात फरशी फोडायचं, भिंत पाडायचं, जुनं धान्य उपसायचं काम काढायचं नाही, त्या धुळीत बुरशीचे कण असतात आणि ते फुप्फुसात गेले की फार त्रास देतात. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच चहा देऊन वाटेला लावायची जबाबदारी घरातल्या सगळ्यात फटकळ माणसाला द्या, आमच्याकडे ती आईने घेतली.

ताप आला की

हा भाग दोनदा वाचा.

डिजिटल थर्मामीटर दोन घ्या, एक घरात एक पिशवीत. कपाळाला लावायची बंदूक नको, तिच्यावर भरवसा नाही. जिभेखाली मोजा, पण गरम चहा प्यायल्यावर लगेच नाही. तोंड आलेलं असेल तर काखेत, पण काखेत खऱ्यापेक्षा थोडं कमीच दिसतं हे डोक्यात ठेवा. गुदद्वारातून कधीच मोजायचं नाही, एनिमा नाही, सपोझिटरी नाही, तिथे बारीक जखम झाली तरी जंतू सरळ रक्तात जातात.

आकडे असे: एकदाच मोजल्यावर १०१ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर, नाहीतर १००.४ तासभर टिकून राहिला, आणि एएनसी ५०० च्या खाली किंवा तिकडे चाललेला, तर ही इमर्जन्सी आहे. रात्रीचे दोन वाजलेत, पाऊस आहे, सकाळी ओपीडी आहेच, यातलं काही चालत नाही. गाडी काढायची. आमच्या डॉक्टरांनी तर सांगितलेलं, १००.४ दिसला की मला फोन, तास मोजत बसू नका.

पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिनच, आधी द्यायची नाही. आधी मोजा, लिहा, फोन करा, ते म्हणाले द्या तर द्या. गोळीने ताप दबतो पण जंतू तिथेच असतात, आमच्या त्या रात्री नेमकं हेच झालं. आणि ज्यांना प्रेडनिसोलोन किंवा डेक्सा चालू आहे त्यांना तर ताप येईलच असं नाही, स्टिरॉइड ताप झाकतं. हुडहुडी, गळून गेल्यासारखं, बडबड, लघवी कमी, बीपी कमी, यातलं काही दिसलं तर थर्मामीटर ९९ दाखवत असला तरी निघा.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर रांगेत उभं राहून ताप आहे असं सांगू नका, ताप सगळ्यांनाच असतो. हे वाक्य पाठ करा: "ब्लड कॅन्सरचा पेशंट आहे, केमो चालू आहे, काउंट कमी आहेत, ताप आलाय." आणि डिस्चार्ज कार्ड हातात द्या. अशा पेशंटला पहिलं अँटिबायोटिक तासाभराच्या आत शिरेतून गेलं पाहिजे, जगभर हाच नियम पाळतात. त्याआधी ब्लड कल्चर काढतात, म्हणजे रक्तात कुठले जंतू आहेत ते बघायला रक्त घेतात, पिक लाइन किंवा पोर्ट (केमोसाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर त्यातूनही आणि हातातूनही. लांबचा प्रवास असेल तर आधी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात पहिला डोस घ्या आणि मग पुढे. आम्ही फलटणजवळचे, मुंबई म्हणजे सहा-सात तास, तोपर्यंत थांबणं म्हणजे जुगार. एक करा, तब्येत बरी असतानाच जवळच्या हॉस्पिटलात जाऊन फाइल दाखवून या, कोणतं अँटिबायोटिक द्यायचं ते तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. प्लेटलेट कमी असताना कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, तिथे रक्त साकळतं. आयब्रुफेन, ॲस्पिरिन, कॉम्बिफ्लाम या घरातल्या डब्यातल्या गोळ्या तर आधी डब्यातूनच काढून टाका.

हे सगळं कोणी मनाने ठरवलेलं नाहीये. १९६६ मध्ये अमेरिकेत ल्युकेमियाच्या ५२ पेशंटचे काउंट आणि इन्फेक्शन यांचा मेळ घालून दाखवलेलं की न्यूट्रोफिल जितके कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितकं इन्फेक्शन वाढतं. तो पेपर मी शोधला तर चार लेखकांत एक साठे निघाले. त्या रात्रीनंतर उगाच बरं वाटलं, आपल्यातलंच कोणीतरी आधी मोजून ठेवलंय म्हणून.

खाणंपिणं, आणि नातेवाइकांचे उपाय

घरचं, ताजं, पूर्ण शिजलेलं, गरम. उकळून गार केलेलं पाणी. रस्त्यावरची चटणी, कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, पाणीपुरी बंद. जाड सालीची फळं धुवून, घरी सोलून, लगेच खायची. दह्याबद्दल प्रत्येक डॉक्टर वेगळं सांगतो, आमच्या डॉक्टरांनी काउंट कमी असताना नको सांगितलं, तुम्ही तुमच्यांना विचारा. पण याच्या पुढे जाऊन पेशंटला नुसत्या उकडलेल्या भाज्यांवर ठेवू नका. कच्ची फळं-भाज्या पूर्ण बंद करून बघायचा अभ्यास एएमएल या ब्लड कॅन्सरच्या दुसऱ्या प्रकाराच्या १५३ पेशंटवर अमेरिकेत झाला, २००८ मध्ये छापून आला, त्यात शिजवलेलं खाणाऱ्यांना आणि कच्चं खाणाऱ्यांना मोठं इन्फेक्शन साधारण सारखंच झालं. अर्थात तिकडच्या नळाचं पाणी आणि आपल्या टँकरचं पाणी यात फरक आहे, म्हणून शिजलेलंच बरं, पण एक संत्र खाल्लं म्हणून घरात भांडण नको. वजन घटू न देणं जास्त महत्त्वाचं. दादाला काही जाईना तेव्हा वहिनी मऊ मुगाची खिचडी त्यावर तूप, दर दोन तासांनी चार घास, असं करायची.

आता उपाय सांगणारे. पपईच्या पानाचा रस, गव्हांकुर, गुळवेल, गोमूत्र, कुठल्यातरी बाबांची पुडी. गुळवेल इम्युनिटी वाढवते म्हणून करोनात सगळ्यांनी प्यायली, नंतर २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर सुजलेल्या पेशंटची माहिती छापली. आणि आपल्या गोळ्या आधीच लिव्हरवर ताण देत असतात. सगळ्यात भारी म्हणजे सदाफुली. एक मामा पिशवीभर पानं घेऊन आले, यातूनच कॅन्सरचं औषध निघतं म्हणाले. मामा खोटं नव्हते बोलत, व्हिनक्रिस्टिन खरंच सदाफुलीतून निघतं आणि १९६३ पासून वापरात आहे, दादाला तेच चालू होतं! पण ते मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून देतात. पानं चावून किती गेलं, काय गेलं, कोण मोजणार. मामांना चहा दिला, पानं गाईलाही घातली नाहीत.

व्हिनक्रिस्टिनचा आठवडा असेल तर पोट साफ होतंय का याची लाज न बाळगता रोज चौकशी करा. त्याने आतडी मंदावतात. पोट साफ व्हायचं पातळ औषध लिहून दिलेलं असतं ते पहिल्या दिवसापासून द्या, चार दिवस तटल्यावर नाही. तोंडासाठी मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या. दाढी ब्लेडने नाही, ट्रिमरने.

फिलग्रास्टिमची, म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवायची, इंजेक्शनं दिली असतील तर ती २ ते ८ डिग्रीत ठेवायची, म्हणजे फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. प्रवासात थर्मासमध्ये बर्फ घाला पण इंजेक्शन बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं की वाया. ती घेतल्यावर हाडं ठणकतात आणि डब्ल्यूबीसी एकदम उडी मारतो, आजार परत आला असं लगेच समजू नका, डॉक्टरांना विचारा.

प्लेटलेटची पळापळ

एसडीपी हा शब्द तुम्हाला झोपेत पण ऐकू येणार आहे. एकाच डोनरच्या रक्तातून मशीनने फक्त प्लेटलेट काढायच्या आणि बाकीचं रक्त त्याला परत द्यायचं. तासभर, कधी दीड तास लागतो. साध्या रक्तातून निघणाऱ्या साधारण सहा पिशव्यांचं काम एक एसडीपी करते. अडचण अशी की प्लेटलेट बाहेर पाचच दिवस टिकतात, त्याही फ्रिजमध्ये नाही तर २० ते २४ डिग्रीला सतत हलवत ठेवून, त्यामुळे ब्लड बँकेत साठा नेहमी तुटपुंजा.

ब्लीडिंग नसेल तर साधारण १०,००० च्या खाली गेल्यावर चढवतात, ताप किंवा प्रोसिजर असेल तर आधी. म्हणून २५,००० बघून रात्री अकराला शंभर लोकांना फोन लावू नका, डोनर संपतात हो. डोनर ४८ तासांनी परत देऊ शकतो, वर्षात जास्तीत जास्त २४ वेळा, पण प्रत्यक्षात एकदा दिलेला माणूस पंधरा दिवस तुमचा फोन टाळतो, साहजिक आहे. त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, हाताची शीर जाड हवी, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. केमो सुरू व्हायच्या आधीच पंधरा-वीस जणांची यादी करा: नाव, ग्रुप, राहतो कुठे, रात्री येऊ शकतो का. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकताना तारीख, वेळ आणि काम झालं की "मिळाले, धन्यवाद" हे टाकाच, आमचा एक मेसेज आठ महिने फिरत होता, दादा घरी पुरणपोळी खात असताना लोक फोन करून विचारायचे.

आणि हे नीट ऐका. पहिल्याच दिवशी मी बाही वर करून उभा राहिलो, सख्खा भाऊ आहे, ग्रुप तोच आहे, माझंच घ्या. रेसिडेंट मॅडमनी हात खाली करायला लावला. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागला तर भाऊ हाच पहिला डोनर, प्रत्येक सख्ख्या भावंडाची जुळायची शक्यता चारात एक. आधीच त्याचं रक्त गेलं तर शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करून बसतं. शिवाय रक्ताच्या नात्यातलं रक्त इरॅडिएट न करता, म्हणजे रेडिएशन न देता, दिलं तर त्यातल्या पांढऱ्या पेशी उलट पेशंटवरच हल्ला करू शकतात, क्वचित होतं पण झालं तर वाचणं अवघड. म्हणून मित्र, ऑफिसवाले, गणपती मंडळातली पोरं यांना बोलवा, भाऊ-बहीण-आईवडिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

गोळ्यांचा काळ, आणि ट्रायल

मोठी केमो संपल्यावर आजार परत येऊ नये म्हणून गोळ्या चालू राहतात, तो मेंटेनन्स साधारण दोन वर्षं चालतो. पेशंट बरा दिसतो, केस येतात, कामावर जातो, आणि नेमकं तेव्हाच गोळ्या चुकतात. सहा-एमपी (मरकॅप्टोप्युरिन) ही गोळी शंभरात ९५ दिवसांपेक्षा कमी घेणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटायचं प्रमाण वाढतं असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय. रोज रात्री ठरलेली वेळ, फोनचा अलार्म. पण आपल्या लोकांत एक गोष्ट आहे, एनयूडीटी१५ नावाच्या जीनमधला बदल आशियाई लोकांत बऱ्यापैकी सापडतो आणि तो असेल तर नेहमीच्या डोसने काउंट धाडकन पडतात. टेस्ट झालीय का विचारा. शनिवार-रविवारची सेप्ट्रानची गोळी फालतू वाटते, ती एका प्रकारचा न्यूमोनिया होऊ नये म्हणून असते, बंद करू नका.

डॉक्टर ट्रायलबद्दल विचारतील तेव्हा "आमच्यावर प्रयोग?" असं म्हणून उठू नका. आज जे औषध आपल्याला मिळतंय ते कोणाच्या तरी मुलावर आधी वापरून बघितलेलं आहे. १९४७-४८ ला बॉस्टनमध्ये १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिलं, १० जणांना काही महिने का होईना बरं वाटलं, ल्युकेमियावर औषध चालतं हे तिथून कळलं, आणि ते औषध ज्या लॅबमध्ये तयार झालं तिथले प्रमुख आपले आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. इकडे आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी ट्रीटमेंटला (पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बदलून कॅन्सरशी लढायला परत देतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली, ती पण ट्रायलमधल्या पेशंटमुळेच.

फक्त सही करण्याआधी विचारा: सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर काय, नेहमीची ट्रीटमेंट आणि ही यात फरक काय, कोणता गट मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार का, जास्तीच्या टेस्टचे पैसे कोण देणार, काही बिघडलं तर उपचार कोण करणार. फॉर्म मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. मधेच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला असतो आणि त्यामुळे हॉस्पिटलला तुमची नेहमीची ट्रीटमेंट बंद करता येत नाही.

राहण्याचं थोडक्यात. परळला उपचार असतील तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे आधी चौकशी करा, लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची सेंटर आहेत. महात्मा फुले योजनेत बसतं का हे ॲडमिट व्हायच्या आधीच मेडिकल सोशल वर्करला विचारा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलातून भरून घेतला तर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट फुकट, सोबतच्याला ७५ टक्के सूट.

आणि दाराच्या मागे खिळ्याला एक पिशवी कायम अडकवलेली असू द्या: डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, काउंटची वही, अँटिबायोटिकचा तो कागद, थर्मामीटर, आधार आणि रेशनकार्ड, चार्जर, मास्क, दोन हजार सुट्टे, एक चादर. आमची पिशवी अजून तिथेच आहे, दादाची ट्रीटमेंट संपून अकरा महिने झाले तरी. वहिनी काढू देत नाही, महिन्यातून एकदा थर्मामीटरचा सेल तेवढा बघते.